तापलेला आंस

बैलगाडीच्या चाकाला वंगण कमी पडलें म्हणजे तें चाक गप्प बसत नाहीं. दूरवर ऐकूं जाईल अशी कुरकुर तें करूं लागतें. गाडीवान खालीं उतरतो, गाडीखालीं टांगलेला वंगणाचा नळा काढतो आणि आंसाला वंगण घालून पुढची वाट धरतो. चाकानें तक्रार करावी आणि माणसानें ती ऐकावी, असा हा जुना व्यवहार आहे. आजच्या चाळीस टनांच्या ट्रेलरनें तो मोडला आहे. त्याचें चाक तापतें, त्याचें वंगण वितळून गळतें, त्याचें रबर धुमसूं लागतें. परंतु कित्येक हात पुढें, बंद केबिनींत बसलेल्या चालकाला याची गंधवार्ताही नसते. चाक कुरकुरत नाहीं असें नव्हे. इंजिनाच्या आवाजांत ती कुरकुर बुडून जाते. भर रस्त्यांत पेटलेल्या कित्येक ट्रेलरांच्या आगीचें मूळ या न ऐकलेल्या कुरकुरींत असतें, आणि तोच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाशीं रायगड जिल्ह्यांतील रसायनीचा संबंध फार निकटचा आहे. खालापूर तालुक्यांत, पाताळगंगेच्या परिसरांत वसलेल्या या वसाहतीच्या नांवांतच तिचा धंदा सांगितलेला आहे. १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथें उभा राहिला. मोहोपाड्याची बाजारपेठ वाढली. पनवेल-रोहा लोहमार्गावर रसायनी नांवाचें स्थानक झालें. त्या कारखान्याचे बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१७ सालीं घेतला. तथापि पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतींतील इतर कारखान्यांमुळें या भागाचा रसायनांशीं असलेला संबंध तुटलेला नाहीं. पश्चिमेस १९८९ सालीं सुरू झालेलें न्हावाशेवा बंदर, पूर्वेस बोरघाट, आणि उशालगत २००२ सालीं पूर्णपणें खुला झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग, अशा तीन गोष्टींच्या मध्यें हें गांव आहे. बंदरांतून निघालेला कंटेनर घाट चढून वर जावयाचा आणि देशावरचा माल घाट उतरून बंदराकडे यावयाचा, हा येथील रोजचा क्रम. ज्या ट्रेलरचीं चाकें घाटांत तापलीं, तो ट्रेलर थोड्याच वेळांत रसायनीच्या शिवेवरून जाणार, हें येथील रहिवाशांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

चाक तापतें तें कशानें? याचीं मुख्य कारणें तीन आहेत. पहिलें कारण बेअरिंगचें. ज्याला जुन्या मराठींत आंस म्हणतात व वाहनचालक अॅक्सल म्हणतात, त्याच्या टोकावर चाकाचा हब बसविलेला असतो. हब आणि अॅक्सल यांच्यामध्यें पोलादी रुळांचें बेअरिंग असतें आणि तें ग्रीसमध्यें बुडालेलें असतें. ग्रीस जुनें झालें, त्यांत पावसाचें पाणी किंवा धूळ शिरली, बंद राखणारें सील फाटलें, अथवा मिस्त्रीनें नट प्रमाणाबाहेर आवळला, म्हणजे रूळ फिरण्याऐवजीं घासूं लागतात. घर्षणानें उष्णता वाढते. साधें ग्रीस १८० अंश सेल्सियसच्या सुमारास पातळ होऊन गळूं लागतें. ग्रीस गळलें कीं घर्षण आणखी वाढतें, घर्षण वाढलें कीं उरलेलें ग्रीसही गळतें. कर्जाच्या व्याजासारखी ही गोष्ट आहे. आरंभीं क्षुल्लक वाटते आणि शेवटीं मुद्दलालाच गिळते.

दुसरें कारण ब्रेकचें. ट्रेलरचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. उभ्या गाडीचे ब्रेक एक भक्कम स्प्रिंग दाबून धरीत असते आणि गाडी हलवितांना हवेचा दाब त्या स्प्रिंगेला मागें रेटतो. कोठें हवा गळत असली, किंवा टांकीत पुरती हवा भरण्यापूर्वींच चालकानें गाडी काढली, तर स्प्रिंग पूर्णपणें मागें हटत नाहीं. लायनर ड्रमला किंचित् चिकटून राहतो. गाडी चालतेच, कारण तीनशें घोड्यांच्या इंजिनाला एका चाकाचा हा अडसर जाणवत नाहीं. पण मैलोगणती तें चाक घासत जातें, आणि सतत घासणारा ड्रम तीनशें-चारशें अंशांपर्यंत सहज तापतो.

तिसरें कारण टायरचें. ट्रेलरच्या अॅक्सलवर बहुधा प्रत्येक बाजूस दोन टायर जोडीनें बसविलेले असतात. आंतल्या टायरांतील हवा गेली तर बाहेरून कांहींच दिसत नाहीं. शेजारचा टायर दुप्पट ओझें वाहतो, आणि हवा गेलेला टायर प्रत्येक फेऱ्यास चेपून वांकतो, आंतल्या आंत तापतो, कधीं जोडीदारावर घासतो. जुने चालक गाडी काढण्यापूर्वीं लोखंडी टॉमीनें एकेक टायर ठोकून पाहतात. हवा भरलेल्या टायरचा आवाज खणखणीत येतो आणि रिकाम्याचा बद्द. त्या ठोकण्यामागें पुष्कळ शहाणपण सांठलेलें आहे.

या तिन्ही कारणांवर ओझ्याची भर पडते. २०१८ सालीं केंद्र सरकारनें मालवाहनांची वजनमर्यादा वाढविली, तेव्हां चार टायरांच्या एका अॅक्सलवर पूर्वीं जें १०.२ टन वजन चालत असे, तें ११.५ टनांपर्यंत चालूं लागलें. नव्या गाड्या तेवढ्या बळाच्या असतील. परंतु जुन्या गाडीचें बेअरिंग कायद्याच्या कागदानें मजबूत होत नाहीं. आणि मर्यादेपलीकडे भरलेल्या मालाविषयीं तर बोलावयासच नको.

सपाट रस्त्यावर हे दोष पुष्कळ दिवस दबून राहतात. त्यांना उघड्यावर आणतो तो घाट. बोरघाटांत ट्रेलर सुमारें पांचशें मीटर उंची उतरतो असें धरलें आणि त्याचें भारासह वजन चाळीस टन मानलें, तर उतरतांना जी शक्ति मोकळी होते ती साडेसहाशें लिटर थंड पाण्याला उकळी आणूं शकेल इतकी भरते. दुसऱ्या रीतीनें सांगावयाचें तर, ताशीं साठ किलोमीटर वेगानें चाललेला तोच ट्रेलर एकदां पूर्णपणें थांबवितांना जेवढी उष्णता निघते, तिच्या ही सुमारें पस्तीसपट आहे. ही शक्ति कोठें तरी गेलीच पाहिजे. थोडी वारा घेतो, थोडी रस्ता घेतो. चालकानें गाडी खालच्या गिअरांत ठेवली असेल तर मोठा वांटा इंजिन आपल्यावर घेतें. परंतु चार पैशांचें डिझेल वांचावें म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडली, तर तो वांटाही ब्रेकांच्या माथीं येतो. ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत उतरावा, हा चालकांमधील जुना दंडक याच हिशेबावर उभा आहे. तो मांडणाऱ्यांनीं पदार्थविज्ञानाचें पुस्तक उघडलें नसेल, पण घाट उघड्या डोळ्यांनीं पाहिला होता.

ब्रेक तापले म्हणजे दोन अनर्थ संभवतात. ड्रम तापून फुगतो, लायनर गुळगुळीत होतो, आणि चालकानें पाय कितीही दाबला तरी गाडी आवरत नाहीं. हा पहिला अनर्थ. २६ जुलै २०२५ रोजीं याच मार्गावर, खोपोलीजवळ अडोशी बोगद्याच्या परिसरांत, एक कंटेनर उतारावर अनावर होऊन वीसेक वाहनांवर आदळला. एका स्त्रीचा मृत्यु झाला आणि कित्येक जण जखमी झाले. त्याचे ब्रेक निकामी झाले असल्याचें वृत्त त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. दुसरा अनर्थ आगीचा. तो सावकाश येतो, म्हणूनच अधिक फसवा असतो.

घाट संपतो, रस्ता सपाट होतो, चालक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि चहासाठीं गाडी कडेला घेतो. येथें श्रोत्यांना वाटेल कीं धोका टळला. वस्तुतः पुष्कळदां धोका येथेंच सुरू होतो. चालत्या चाकाला वारा लागत असतो आणि तो ड्रमची उष्णता उधळून लावीत असतो. गाडी थांबली कीं वारा थांबतो. पण ड्रममध्यें सांठलेली उष्णता थांबत नाहीं. ती हबमध्यें शिरते, तेथून रिममध्यें, आणि रिममधून टायरच्या कडेपर्यंत पोंचते. रबर तापून ज्वालाग्राही वायु सोडूं लागतें. प्रथम एक उग्र वास येतो, मग पांढरट धूर, मग काळा, आणि चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वींच ज्वाळा दिसते. एक टायर पेटला कीं शेजारचा पेटण्यास उशीर लागत नाहीं. टायरांच्या वर ट्रेलरची फळी असते. कंटेनरची तळजमीनही लांकडी थरांची असते. चाकांत लागलेली आग मालापर्यंत जाते ती या मार्गानें.

हा माल कोणता, यावर पुढील सर्व कांहीं अवलंबून असतें, आणि रसायनीच्या परिसरांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणें धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर त्या मालाची माहिती देणारा फलक असावा लागतो आणि त्याच्या चालकाला विशेष शिक्षण घ्यावें लागतें. ही व्यवस्था चांगलीच आहे. परंतु टांकींत काय आहे हें तो फलक सांगतो. चाकांत काय चाललें आहे हें तो सांगत नाहीं. १३ जून २०२३ रोजीं खंडाळ्याजवळ कुणे येथील पुलावर ज्वालाग्राही द्रव नेणारा एक टँकर उलटून पेटला. चार माणसें दगावलीं. त्यांत पुलाखालच्या रस्त्यानें जाणारींही होतीं. जळता द्रव वरून त्यांच्यावर पडला. तापलेल्या आंसाचें उदाहरण म्हणून ही घटना येथें सांगितलेली नाहीं. ती सांगण्याचें कारण एवढेंच कीं, अशा वाहनाची आग त्या वाहनापुरती राहत नाहीं. ज्यांचा त्या टँकरशीं, त्याच्या मालकाशीं किंवा त्याच्या मालाशीं कांहींएक संबंध नव्हता, जीं आपल्या वाटेनें चाललीं होतीं, अशीं माणसें त्यांत बळी पडलीं.

बोगद्यांत तर हा धोका शतगुणित होतो. घाट उतरून मुंबईकडे येणाऱ्या ट्रेलरला रसायनीच्या जवळपास माडप आणि भाताण असे दोन बोगदे ओलांडावे लागतात. भाताणचा बोगदा सुमारें एक किलोमीटर लांबीचा आहे. बोगद्यांतील आगीनें काय होतें हें युरोपनें एकदां फार मोठी किंमत देऊन पाहिलें आहे. २४ मार्च १९९९ रोजीं फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या, साडेअकरा किलोमीटरांहून अधिक लांब अशा माँ ब्लाँ बोगद्यांत पीठ व मार्गारीन घेऊन एक ट्रक शिरला. त्यांतून धूर निघत होता. पण चालकाला तें ठाऊक नव्हतें. समोरून येणारे लोक दिवे लुकलुकवूं लागले, तेव्हां त्यानें आरशांत पाहिलें आणि बोगद्याच्या मध्यावर गाडी थांबविली. ३९ माणसें मेलीं आणि आग दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली. त्या ट्रकमध्यें कसलेंही विषारी रसायन नव्हतें. पीठ आणि मार्गारीन हे रोजच्या खाण्यांतले पदार्थ होते. ती आग आंसापासून लागलेली नव्हती हें खरें. तथापि चालक हाच आपल्या गाडीच्या आगीची वार्ता सर्वांत शेवटीं ऐकणारा मनुष्य असतो, ही गोष्ट तिनें जगाला शिकविली.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. आणि तो शोधण्यास फार दूर जावयास नको. द्रुतगति मार्गाच्या कितीतरी आधीं, १८६३ सालीं, याच बोरघाटांतून आगगाडी चालूं लागली. पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढणारा तो लोहमार्ग बांधणाऱ्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. चढण हा खर्चाचा प्रश्न आहे, उतार हा प्राणांचा. म्हणून निसटलेली गाडी आपोआप थांबावी अशा चढत्या बगलमार्गांची योजना त्यांनीं केली, आणि उतरणाऱ्या गाडीला ठराविक ठिकाणीं थांबवून ब्रेक तपासण्याची शिस्त घातली. ती शिस्त आजही पाळली जाते. तापलेला आंस हा तर रेल्वेचा जुना वैरी. गाडी स्थानकांत शिरतांना तपासनीस रुळांच्या कडेला उभे राहून प्रत्येक चाकावर नजर ठेवतात आणि गाडी थांबली कीं आंसांच्या पेट्यांचें तापमान पाहतात. पूर्वीं हें काम हाताच्या स्पर्शानें होत असे, आतां त्यासाठीं दूरवरून तापमान सांगणारें उपकरण आहे. साधन बदललें, पण चाकाजवळ माणूस आला पाहिजे हा नियम बदलला नाहीं.

रस्त्यावरील ट्रेलरला असा तपासनीस नसतो, आणि दुखण्याचें खरें मूळ येथें आहे. बंदराच्या व्यवहारांत पुढचा ओढणारा भाग एका चालकाच्या हातीं असतो आणि मागचा ट्रेलर आज याला तर उद्यां त्याला जोडला जातो. ओढणाऱ्या गाडीवर चालकाचें प्रेम असतें; तो तिला धुतो, तिच्यावर नांव रंगवितो, दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतो. ट्रेलर मात्र परक्याच्या गुरासारखा राहतो. त्याच्या हबांत ग्रीस शेवटचें कधीं भरलें याची नोंद चालकापाशीं नसते, आणि मालकापाशीं असली तरी ती कार्यालयांतील कपाटांत असते. जें सर्वांचें असतें त्याची काळजी कोणीच करीत नाहीं, हा मनुष्यस्वभाव. पण त्या बेपर्वाईची झळ तिसऱ्यालाच लागते.

करावयाच्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. गाडी काढण्यापूर्वीं हवेचा दाब पुरता भरूं द्यावा आणि टॉमीनें प्रत्येक टायर, विशेषतः आंतला, ठोकून पाहावा. रिमच्या आंतल्या अंगास ग्रीसचे ओघळ दिसले तर सील फाटलें असें समजावें व ती गाडी रस्त्यावर काढूं नये. घाटाच्या माथ्यावर क्षणभर थांबून खालचा गिअर घ्यावा आणि तो पायथ्यापर्यंत सोडूं नये. घाट उतरल्यावर मोकळ्या जागीं, इतर वाहनांपासून दूर थांबून प्रत्येक चाकापाशीं जावें. हबला स्पर्श न करतां हाताची मागची बाजू त्याच्याजवळ न्यावी. सर्व चाकें सारखींच ऊन असतील तर तें घाटाचें लक्षण आहे. एकच चाक इतरांहून फार तापलें असेल तर तें रोगाचें लक्षण आहे. आणि एखादें चाक अगदींच थंड लागलें, तर त्यावरही विश्वासूं नये. त्याचा ब्रेक लागतच नाहीं आणि त्याचें काम इतर चाकें करीत आहेत, असा त्याचा अर्थ असतो. या साऱ्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.

एवढें करूनही धूर दिसलाच, तर बोगद्यांत, पुलावर किंवा वस्तीलगत गाडी थांबवूं नये. शक्य तितक्या लौकर मोकळी जागा गांठावी. ज्वाळा लहान असतांनाच अग्निशामक नळकांडें वापरावें; पण भुकटीनें ज्वाळा विझते, ड्रमची धग विझत नाहीं, आणि रबर पुन्हां पेट घेतें, हें ध्यानांत ठेवावें. त्याला पुष्कळ पाणी लागतें, आणि तें काम अग्निशमन दलाचें. ११२ या क्रमांकावर खबर देतांना मालाचें नांव व फलकावरील आंकडा सांगावा. ज्वाळा दूर असतील आणि वेळ असेल तरच ओढणारी गाडी सोडवून पुढें न्यावी. तापलेल्या टायरच्या बगलेस कोणीही उभें राहूं नये; तो तोफेसारखा फुटतो आणि बहुधा बगलेकडेच फुटतो. आग विझल्यासारखी दिसल्यावरही बराच वेळ हा धोका टळत नाहीं. रस्त्यावरून जाणाऱ्यांचेंही एक कर्तव्य आहे. पुढच्या ट्रेलरच्या चाकांतून धूर निघतांना दिसला तर दिवे लुकलुकवून, हॉर्न वाजवून चालकाला सावध करावें; नंतर दूर जावें. जळणाऱ्या गाडीभोंवतीं कोंडाळें करून उभें राहणें हें कुतूहल नव्हे, तो आत्मघात आहे.

बैलगाडीवाला चाकाची कुरकुर ऐकून खालीं उतरत असे, कारण तें चाक त्याच्या कानाशीं होतें. ट्रेलरचें चाक कानापासून दूर गेलें आहे. म्हणून आतां चालकानें चाकापाशीं चालत गेलें पाहिजे. मालकानेंही त्याला त्या दहा मिनिटांची मोकळीक दिली पाहिजे, कारण ज्या चालकाला बंदराची वेळ गांठण्यासाठीं घाई केली जाते, त्याच्याकडून चाकाजवळ वांकून पाहण्याची अपेक्षा करणें व्यर्थ आहे. घाटाच्या पायथ्याशीं, रात्रीच्या अंधारांत, बॅटरीच्या उजेडांत एकेका चाकापाशीं हात नेऊन पुढें सरकणारा क्लीनर कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. पण त्या वेळीं भाताणच्या बोगद्यांतून जे प्रवासी जात असतील, मोहोपाड्यांत जीं मुलें झोंपलेलीं असतील, त्या सर्वांची राखण तो करीत असतो.